छत्तीस किलो वाळू

"आणखी दोन काढ," मऊमिस्त्री म्हणाला.

मेहुण्यानं पत्र्याचा डबा वाळूत खुपसून ठेवला आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "दाजी, मागच्या सोमवारी दोन काढली. त्याच्या आधी तीन. असंच चाललं तर नुसती पिशवीच राहील की."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. पण ती जीभच तशी होती, तिला ब्रेक नव्हता. पन्नाशी आली तरी बसवला नव्हता.

मऊमिस्त्रीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तो गाडीच्या पुढच्या चाकापाशी गुडघ्यावर बसून स्प्रिंगखालच्या रिंगवरची धूळ तारेच्या ब्रशनं झाडत होता. "दवाखान्याच्या फायलीत छत्तीस लिहिलंय. छत्तीस म्हणजे छत्तीस."

"दोन किलोनं गाडीला काय कळतंय?"

"गाडीला नाही कळत," मऊमिस्त्री म्हणाला.

मेहुण्यानं मुकाट्यानं दोन किलो वाळू मोजून काढली आणि पिशवीचं तोंड बांधलं. दोघांनी मिळून ती लाल गाडीच्या डावीकडच्या खोलगट सीटवर ठेवली. मऊमिस्त्रीनं तिची पाठ सीटला नीट टेकवली, वरून पट्टा लावला, आणि मग चारी चाकांखालच्या वजनकाट्यांकडे पाहिलं.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांना हा प्रकार पोरखेळ वाटेल, पण तो तसा नाही. शर्यतीच्या घाटणीच्या गाड्यांना शॉकअब्सॉर्बरच्या अंगावरच स्प्रिंग चढवलेली असते. त्या जोडीला कॉइलओव्हर म्हणतात. तिची रिंग फिरवली की गाडी वर-खाली होते, डोक्यावरचा नॉब फिरवला की ती कडक-मऊ होते. पण रिकाम्या गाडीवर केलेलं माप खोटं. माणूस बसला की गाडी दबते, झुकते, सगळं गणित बदलतं. मालकाला तीन-तीन तास सीटवर बसवून ठेवता येत नाही, म्हणून त्याच्या वजनाइतकी वाळू बसवायची. मऊमिस्त्रीच्या गॅरेजात या कामासाठी जाड कॅनव्हासच्या पिशव्या होत्या. त्या त्याच्या बायकोनं शिवल्या होत्या. ती शिवणकाम करायची. हात असा की दुहेरी शिवणीत कधी वाकडा टाका नाही. नुसतं पोतं सीटवर लोळतं, पट्ट्यात राहत नाही, हे नवऱ्याकडून ऐकल्यावर तिनं डोकं लढवलं आणि कमरेत वळणारी पिशवी शिवली. बसवली की माणसासारखी बसायची.

"ताई, आता हिला डोकंही शिव म्हणजे झालं," मेहुणा तेव्हा म्हणाला होता.

"डोकं कशाला? तुझं चाललंच आहे ना त्याच्यावाचून," ती म्हणाली होती.

आता त्याच पिशवीत ती स्वतः बसली होती. छत्तीस किलोची.

*

मऊमिस्त्री हे त्याचं नाव नव्हे. पण शहरात ज्याच्याकडे वेगवान गाडी होती आणि ज्याची पाठ धरत होती, त्याला हे एकच नाव ठाऊक होतं. लोक गाडी घेताना वेगाच्या मोहानं घेतात, आणि महिनाभरात कमरेला हात लावून त्याच्या दारात येतात. "मिस्त्री, दगडावर बसल्यासारखं वाटतंय हो." मग तो गाडीत शेजारच्या सीटवर बसायचा, डोळे मिटायचा आणि "चालवा" म्हणायचा. एक फेरी झाली की कुठली स्प्रिंग जास्त आवळलीय, कुठलं रबर मेलंय, ते सांगायचा. त्याला गाडी दिसत नसे, लागत असे.

अशांपैकी एक दातांचे डॉक्टर. त्यांचा हट्ट असायचा, "मिस्त्री, सगळे नॉब मोकळे सोडा. लोण्यासारखी करून टाका."

"डॉक्टर, हलणारा दात मऊ म्हणायचा का?"

डॉक्टर हसले. मऊमिस्त्रीनं त्यांच्या गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. "हे बघा. खाली गेली, वर आली, उभी राहिली. हिला मऊ म्हणायचं. नॉब मोकळे सोडले ना, की खाली जाईल, वर येईल, परत खाली जाईल. लग्नाला आलेल्या लांबच्या नातेवाइकासारखी मान डोलावत बसेल. एक खड्डा चार वेळा लागेल. स्प्रिंगला उडी मारायची खोडच असते, तिच्या पाठीवर हात ठेवून तिला बसवणारा वडीलधारा लागतो. मऊ म्हणजे ढिलं नव्हे."

हे शेवटचं वाक्य त्यानं तीस वर्षांत किती गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल, देव जाणे. मेहुण्यानं तर ते खडूनं गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलं होतं. खाली टायरचं चित्र काढायला घेतलं होतं, ते बदकासारखं झालं.

मऊमिस्त्रीची स्वतःची गाडी म्हणजे ही लाल दोन दारांची. सव्वीस वर्षांपूर्वी एकानं झाडावर घातलेली, त्यानं भंगारातून उचलून आणली आणि रोज कामानंतर तासभर तिच्यापाशी बसून बसून उभी केली. त्याची बायको तिला सवत म्हणायची. "अहो, जेवायला येताय की सवतीकडेच वाढू?" स्वतः तिच्यात फारशी बसायची नाही. "तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. आणि बाहेर निघायचं तर दोर हवा."

मग पाठीचं दुखणं निघालं. आधी शिलाई यंत्रावर वाकून वाकून धरली असेल म्हणून तेल चोळलं. मग फोटो काढले. मोठ्या डॉक्टरांनी ते उजेडाच्या पाटीवर लावले आणि पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं. रोग मणक्यांत उतरला होता, तीन मणके आतून पोखरले होते, मधल्या गाद्या चेपल्या होत्या. मऊमिस्त्री पुढे झुकून बघत राहिला. एकावर एक रचलेले मणके, त्यांच्यामध्ये गाद्या. त्याच्या ओळखीचंच काम होतं ते. कुणीतरी फार विचार करून केलेलं.

"ह्या गाद्या बदलून नाही मिळत?" त्यानं विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. "नाही मिळत, मिस्त्री. आपण दर मंगळवारी किरणांचा शेक देऊ. त्यानं दुखणं थोडं दबेल."

दवाखाना बावीस किलोमीटरवर. पहिल्या मंगळवारी टॅक्सी केली. ती डुलली, बायकोला वांत्या झाल्या. दुसऱ्या वेळी मेहुण्यानं कुणाचीतरी मोठी गाडी आणली, तिच्यात ती ताठ बसू शकेना. तिसऱ्यांदा दवाखान्याचीच रुग्णवाहिका आली. आडवं झोपवलं, तर प्रत्येक खड्डा जणू पाठीलाच भेटायला आला. त्या शेकानं जे दबायचं ते येण्या-जाण्यातच दुप्पट होऊन घरी यायचं. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि तो दारात उभा. पाणी देऊ का, विचारायचा. दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचा.

एके दिवशी तीच म्हणाली, "मला सवतीत बसवून बघा बरं."

"तिच्यात? अगं, ती दगड आहे."

"बसवा तर."

त्यानं तिला उचललं. एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीमागे. आधी पाय आत, मग हळूच बाकीचं. त्या अर्धवट निजलेल्या खोलगट सीटमध्ये ती टेकली आणि तिनं डोळे मिटले. गाडी गॅरेजात उभीच होती. बराच वेळ तिनं डोळे उघडले नाहीत. तो घाबरला.

"काय झालं?"

"काही नाही. इथं दुखत नाहीये हो," ती म्हणाली. आणि रडायला लागली.

त्या दिवसापासून मऊमिस्त्रीला आयुष्याचं एकच काम उरलं.

*

त्यानं जुन्या स्प्रिंगा काढून मऊ स्प्रिंगा चढवल्या. वरचे लोखंडी कप काढून रबराचे बसवले. चाकांतली हवा उतरवली. पिशवीत सत्तेचाळीस किलो वाळू भरून चारी कोपरे असे जुळवले की मेहुणा म्हणाला, "दाजी, आता हिच्यावर दुधाचं भांडं ठेवलं तर साय मोडायची नाही."

निघण्याआधी ती समोरच्या काचेकडे बघून हात जोडायची.

"काय मागतेस?" त्यानं एकदा विचारलं.

"मागत कुठे? सांगते फक्त. आम्ही निघालो, लक्ष असू दे."

तिला दुखलं तर ती ओरडायची नाही. दातांतून हवा आत घ्यायची. 'स्स'. बस, एवढंच. मऊमिस्त्रीचे कान तीस वर्षं गाडीच्या कुरकुरीवर तयार झालेले. तो ते 'स्स' मोजायचा. त्या पहिल्या खेपेला बावीस किलोमीटरमध्ये अकरा. रिंगा थोड्या उतरवल्या, नॉब नवव्या क्लिकवर ठेवले. पुढच्या मंगळवारी सात. त्याच्या पुढच्या, पाच. त्या रात्री तो पोटभर जेवला. बायकोला म्हणाला, "बघ, चारावर आणतो."

पण पुढच्या मंगळवारी आठ झाले.

त्यानं गाडी उचलून तपासली. काही सुटलं नव्हतं, काही गळत नव्हतं. रस्ता तोच, खड्डे तेच, त्यांना तो आता नावानिशी ओळखत होता. मग आठ कसे? त्यानं दोन क्लिक मोकळे सोडले. दहा झाले. आणखी दोन सोडले. चौदा. फायलीतलं वजन उतरत गेलं, पिशवीतली वाळू उतरत गेली, नॉब उतरत गेले, आणि 'स्स' तेवढे चढत गेले. गाडी बिघडलेली नाही, हे त्याला कळत होतं. काय बिघडतंय तेही कळत होतं. पण तिथं त्याचा पाना लागत नव्हता. जिथं लागत होता तिथं तो फिरवत राहिला.

आणि त्या सोमवारी, छत्तीस किलोवर वाळू आणल्यावर, त्यानं बॉनेट उघडलं, डावा नॉब चिमटीत धरला आणि उरलेले तिन्ही क्लिक सोडून दिले. मग उजवा. मग डिकीतले मागचे दोन. नॉब शेवटाला जाऊन टेकले.

मेहुणा बघत होता. त्यानं गाडीचा कोपरा दाबून सोडला. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली.

"दाजी."

"हं."

"मान डोलावतेय."

"दिसतंय मला."

"मऊ म्हणजे ढिलं नव्हे, असं तुम्हीच..." मेहुण्यानं भिंतीवरच्या खडूच्या अक्षरांकडे, बदकाकडे बोट केलं.

"तू टायर बघ तुझे," मऊमिस्त्री एवढ्या जोरात म्हणाला की मेहुणा मागे सरकला. मग स्वतःच खालच्या आवाजात म्हणाला, "हळू चालवेन. हळू चालवलं की काही होत नाही."

मेहुणा टायरांकडे वळला. एखाद्या गिऱ्हाइकानं असं म्हटलं असतं तर दाजींनी त्याला पायरी दाखवली असती, एवढं त्याला ठाऊक होतं.

*

मंगळवारी सकाळी नऊला निघाले. तिनं हात जोडले, सांगायचं ते सांगितलं. मागच्या आठवड्यापेक्षा ती हलकी झाली होती, उचलताना त्याच्या हाताला कळलं. तो ते कळून घ्यायला तयार नव्हता.

गल्लीतून बाहेर पडताना गटाराच्या झाकणावरून चाक गेलं. त्यानं श्वास धरला. काही नाही. रेल्वेचं फाटक आलं, चार रूळ. गाडी अलगद तरंगत गेली. काही नाही. त्यानं चोरून तिच्याकडे पाहिलं.

"पाळण्यात घातल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. "मग! मी काय सांगत होतो!"

"तुम्ही काहीच सांगत नव्हता. आठवडाभर तोंड बांधून बसला होतात."

"आता बोलतो ना."

"बोला तर मग. काहीही बोला. सवतीच्या लग्नाची गोष्ट सांगा."

तो सांगायला लागला. ती लाल गाडी भंगारातून बैलासारखी ओढून कशी आणली, दोर कसा दोनदा तुटला, मेहुणा स्टिअरिंगवर बसून हॉर्नच्या जागी तोंडानं कसा ओरडत होता. ती हसली. हसताना एकदा 'स्स' झालं, पण ते हसण्याचं होतं, रस्त्याचं नव्हतं. पाच किलोमीटर झाले, दहा झाले. त्याच्या मनातला आकडा शून्यावरच होता. तेव्हा त्याला वाटलं, आपण चुकत होतो का तीस वर्षं? लोण्यासारखी मागणारे ते सगळे बरोबर होते का?

मग पूल आला.

पुलाच्या अलीकडे रस्ता खचून मोठी लांब लवण पडली होती, आणि लवण संपते तिथंच पुलाची लोखंडी पट्टी, चार बोटं वर आलेली. ही जागा त्याला पाठ होती. तो इथं पायी चालण्याइतका हळू व्हायचा. आजही तो हळू होत होता, पण मागून एक ट्रक आला, अगदी अंगावर, भोंगा दाबून धरलेला. क्षणभर त्याचा पाय ब्रेकवरून उचलला गेला. गाडी लवणीत उतरली, दबली, उसळली. नीट बांधलेली असती तर तिथंच बसली असती. ही बसली नाही. ही पुन्हा खाली निघाली, आणि ती खाली जात असतानाच पट्टी वर आली.

आतला रबरी ठोकळा लोखंडावर आपटला. तो आवाज त्यानं परक्यांच्या गाड्यांत हजार वेळा ऐकला होता.

तो 'स्स'ची वाट बघत राहिला. आलंच नाही. पूल ओलांडला तरी आलं नाही. तिचा हात दाराच्या मुठीवरून सुटला होता आणि त्याच्या मनगटावर येऊन बसला होता. बोटं इतकी रुतली होती की नखांखाली पांढरं दिसत होतं.

फरशीच्या एका दुकानासमोर मोकळी जागा होती. त्यानं गाडी तिथं घेतली, बंद केली. दार उघडून तिच्या बाजूला धावला आणि गुडघ्यावर बसला. तिचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. डोळ्यांतून पाणी सरळ कानांकडे चाललं होतं. त्यानं हात पुढे केला आणि कुठं ठेवावा ते न कळून तसाच हवेत धरून ठेवला. ज्या हातांकडे लोक लांबून लांबून गाड्या घेऊन यायचे, त्या हातांना ठेवायला जागा नव्हती.

"माझी चूक," तो म्हणाला. "माझी चूक झाली. मला ठाऊक होतं. मीच सगळ्यांना सांगतो, आणि मीच..."

तिनं मान अगदी थोडी हलवली. किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नसतं. फरशीवाला दुकानातून पाण्याची बाटली घेऊन आला, त्यांच्याकडे बघितलं, आणि बाटली टपावर ठेवून न बोलता परत गेला.

मग तिचा आवाज आला. बारीक. "अजून किती मऊ होते ही?"

"संपलं," तो म्हणाला. "आता पुढे क्लिक नाही."

"झालं तर मग. संपलं ना?" तिनं श्वास घेतला. "मला दिसत नव्हतं का? दर सोमवारी थोडी थोडी सोडत होतात. सवतीसुद्धा बोलतात एकमेकींशी."

त्यानं टपावरची बाटली काढून तिच्या ओठांना लावली.

"तुमचं नेहमीचं किती असतं? दुसऱ्यांच्या गाडीत?"

"नऊ."

"मग नऊ करा."

"तुला लागेल."

"लागू दे. एकदाच लागेल ना? हे असं झोके घेत येतं ना, ते नको. कधी संपेल तेच कळत नाही." आणि मग, त्याच्या शर्टाच्या बाहीला नाक पुसून, "तुमच्या हाताची गाडी कशी असते ते सगळ्या शहराला माहीत आहे, फक्त मलाच नाही. बसवा मला एकदा तिच्यात."

त्यानं बॉनेट उघडलं. नॉब चिमटीत धरला. क्लिक बोटाला कळतो, कानाला फार बारीक येतो. पण पहिला क्लिक आला की नाही, ते त्याच्या बोटांना समजेना. असं कधी झालं नव्हतं.

"एक," आतून ती म्हणाली.

त्यानं बॉनेटच्या कडेवरून पाहिलं. ती डोळे मिटून पडली होती.

"तुला ऐकू येतंय?"

"येतंय. फिरवा तुम्ही. दोन. थांबा, थांबा, ट्रक गेला. हं. तीन."

अशी त्यांनी चारी चाकं केली. तो फिरवत होता, ती मोजत होती. एका चाकावर तिनं आठानंतर एकदम दहा म्हटलं. तो म्हणाला, नऊ राहिले. ती म्हणाली, "बघत होते, लक्ष आहे का."

गाडी निघाली. पुढचा पहिला खड्डा लागला, खडखडीत लागला. 'स्स'. आणि संपला. गाडी जागेवर बसली, आणि पुढच्या खड्ड्यापर्यंत रस्ता सरळ, शांत.

"हां," ती म्हणाली. "अशी असते होय. सव्वीस वर्षं नावं ठेवली बिचारीला. सरळ बाई आहे हो."

*

दवाखान्यात दर वेळी आधी वजन व्हायचं. तिथली परिचारिका भारी कडक होती. चपला काढा, हातातली पिशवी ठेवा, भिंतीला धरू नका. त्या दिवशी मऊमिस्त्रीनं बायकोला चाकाच्या खुर्चीतून उठवायला हात घातला, तर परिचारिकेनं त्याच्या खांद्याला हात लावला.

"आज वजन राहू द्या, मिस्त्री."

"का? मला लागतं ते. सोमवारी वाळू..."

"राहू द्या," ती म्हणाली. आणि तिनं, त्या कडक बाईनं, बायकोच्या अंगावरची शाल नीट केली.

मोठ्या डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं. तिथं खिडकीपाशी एक बाक होता, पण दोघेही बसले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता शेकानं काही व्हायचं नाही. एवढ्या लांब आणून त्रास देण्यात अर्थ नाही. गोळ्या देतो, घरीच ठेवा, जवळ राहा.

"मी आज नीट बांधलीय गाडी," मऊमिस्त्री म्हणाला. "आता नाही आदळायची. आणखी एक करता येईल. पुढच्या स्प्रिंगा थोड्या..."

"गाडीचा प्रश्न नाही, मिस्त्री."

तो मान डोलावत राहिला. खाली, वर, खाली, वर. डॉक्टर गेले तरी ती थांबेना. शेवटी त्यानं खिडकीचा गज धरला.

खाली आवारात लाल गाडी उभी दिसत होती. त्याला वाटलं, बायकोसारखं काहीतरी म्हणावं. आम्ही निघालो, लक्ष असू दे. ओठांपर्यंत आलं. पण निघालो म्हटल्यावर तो वरचा विचारील, कुठे? म्हणून त्यानं नुसते हात जोडले. सांगायचं असेल ते त्यालाच कळू दे, एवढीच त्या जोडलेल्या हातांची समजूत होती.

परत येताना तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, आता मंगळवारी यायला नको."

पुलाची पट्टी आली, लागली, गेली.

"बरं झालं," ती म्हणाली. "सोमवारी तुम्हाला सुट्टी."

*

दोन महिन्यांनी दातांचे डॉक्टर गाडी घेऊन आले. या वेळी ते लोण्याचं काही बोलले नाहीत. "मिस्त्री, ऐकलं मी, मी परगावी होतो..." असं म्हणून त्यांनी मऊमिस्त्रीचा काळा तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत धरला. रोज हात धुणाऱ्या माणसाचे हात ते. बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, "गाडीचं काही घाईचं नाही."

"नाही नाही, करून टाकू," मऊमिस्त्री म्हणाला. "वजन किती तुमचं?"

"चौऱ्याऐंशी. वाढलंय जरा."

काटे एकाच जागी मांडलेले होते आणि त्यांच्यावर लाल गाडी उभी होती. ती तशीच होती, त्या मंगळवारपासून कुणी हलवली नव्हती. धुळीनं तिचा रंग विटकरी दिसत होता. मेहुणा डब्यात वाळू भरत होता. या दोन महिन्यांत तो बराच कमी बोलायला लागला होता.

"दाजी, वाळू कमी पडतेय. चाळीसेक किलोच आहे. आणखी लागेल..." आणि मग त्याची नजर लाल गाडीकडे गेली. डाव्या सीटवर पिशवी बसलेली होती, पट्टा लावलेला. त्या मंगळवारी घरी आणल्यावर मऊमिस्त्रीनं बायकोला आत निजवून, परत येऊन ती तिथं बसवली होती. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

मेहुण्यानं तिकडे जाऊन दार उघडलं. पट्टा काढला. काटे मोकळे करायचे होते, आणि पिशवीतली वाळूही लागणारच होती. त्यानं तिचा कान धरला.

"ओढू नको."

मेहुण्यानं हात मागे घेतला.

मऊमिस्त्री आला. हात कापडाला पुसले, पुन्हा पुसले. वाकून त्यानं पिशवीचा खालचा भाग आधी दाराकडे वळवला. मग एक हात खाली घातला, एक पाठीमागे, आणि दाराच्या कडेला काही लागणार नाही अशा बेतानं तिला बाहेर घेतलं. छत्तीस किलो. आता त्याला ते जड लागत होतं. डॉक्टर भिंतीवरचं बदक बघत उभे राहिले.

"वाळू नवीन आण," तो मेहुण्याला म्हणाला. "कोपऱ्यावर मिळते."

"आणतो, दाजी."

खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची होती. मऊमिस्त्रीनं पिशवी तिच्यावर बसवली, पाठ नीट टेकवली. वाळू आत सरकून स्थिर होईपर्यंत हात काढला नाही. कमरेपाशी कॅनव्हासला एक घडी पडली होती. ती त्यानं बोटानं सरळ केली, आणि मग डॉक्टरांच्या गाडीकडे वळला.